रुमालाखाली कोणाचा हात होता?

उचगावच्या बापूंनी मला फसवलं. आडनाव लिहीत नाही. हे मासिक त्यांच्या मुलाकडे दर महिन्याला येतं, हे मला पक्कं माहीत आहे, तेव्हा ज्याला कळायचं त्याला कळेल. घराच्या सौद्यात आम्हा दोघांशिवाय आणखी कोणीतरी होतं. बापूंना ते ठाऊक होतं आणि त्यांनी ते दडवलं. बैलाला खोड असेल तर विकणाऱ्यानं आधी सांगावी, हा आमच्या बाजाराचा धर्म आहे. घराला तो का लागू नसावा?

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लोक जे लिहितात ते मी कित्येकदा अर्धं वाचून मासिक फेकून दिलंय. पिंपळ, अमावस्या, केस सोडलेली बाई... पोटाला काम नसलेल्या माणसांना असलं दिसतं असं माझं मत होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना कोल्हापूरच्या गुळाच्या बाजारात ढेपा उचलत होतो. पुढे मुंबईला गेलो, मशीद बंदरला गुळाची दलाली सुरू केली. बापाकडून मला फक्त रागीट डोकं मिळालं, बाकीचं सगळं मी मिळवलं. भुतं मला कधी भेटली नाहीत, कारण त्यांच्याशी बोलायला मला वेळच नव्हता.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. लालबागला एका चाळीत आमची रूम होती. रूम कसली, गोणपाटाचं पार्टिशन घालून अर्धी आमची आणि अर्धी एका गिरणी कामगाराच्या कुटुंबाची. त्यांच्या म्हाताऱ्याला खोकला आला की आमच्या चिमणीची ज्योत फडफडायची. मुलगी मंजू चार वर्षांची झाली होती. धंदा बरा चालला होता, पण मुंबईत माणूस कमावतो ते जागेच्या घशात जातं. मोठी रूम घ्यायची तर पागडी ऐकूनच डोळे पांढरे व्हायचे. माल तर कोल्हापूरहूनच यायचा. मग तिथेच जाऊन खरेदी का करू नये, मुंबईला माणूस ठेवता येईल, असा मी हिशेब मांडला.

माझी बायको शारदा गिरगावात जन्मलेली आणि वाढलेली. जिभेला धार.

"कोल्हापूर?" ती म्हणाली. "तिथे सगळेच तुमच्यासारखे ओरडून बोलतात ना?"

"अगं, स्वतंत्र घर. पुढं बसायला सोपा, मागं परसू, न्हाणी आपली."

"आणि नळावर भांडण?"

"नळच नाही. विहीर आहे."

"म्हणजे भांडायलाही कोणी नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं. तेवढ्यात मोठी रूम घेण्याइतकं कमवा, मग परत. शब्द द्या."

मी शब्द दिला.

बापूंची गाठ गणपाअण्णांनी घालून दिली. अण्णा म्हणजे कोल्हापूरच्या बाजारातले जुने मध्यस्थ, मला लहानपणापासून ओळखणारे. बापू कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावचे शेतकरी. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा मुंबईला गिरणीत लागलेला आणि चौघांबरोबर एका खाटेच्या जागेत झोपणारा. बापूंना मुंबईत खोली हवी होती, मला कोल्हापुरात घर हवं होतं. माझी रूम त्यांना, त्यांचं घर मला. घराची किंमत जास्त, म्हणून मी वर काही रक्कम द्यायची. किती, एवढंच ठरायचं होतं.

मी एकटाच उचगावला गेलो. शारदा आणि मंजू मुंबईलाच होत्या, हे ध्यानात ठेवा. भर दुपार होती. घर चांगलं होतं. कौलं धड, भिंती पांढऱ्या मातीच्या, परसात शेवग्याचं झाड. बापू, अण्णा आणि मी सोप्यावर घोंगडं टाकून बसलो. बापू तरुणपणी तालमीत राबलेला माणूस. पंजा ताटाएवढा, बोटं केळ्यासारखी.

"पावणं, तोंडानं बोलायचं का रुमालानं?" त्यांनी विचारलं.

"रुमालानं," मी म्हणालो. त्यात मला कोणी हरवलेलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गुळाचा काय, जनावराचा काय, भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे उजवे हात रुमालाखाली जातात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगितला जातो. भोवतीच्यांना काही कळत नाही. भाव ठरला की अंगठा दाबून 'वरचं' मागतात. बैल विकणारा एखादं धोतर मागतो, नाहीतर पोराच्या हातावर काहीतरी ठेवा म्हणतो. घेणारा दावं आणि घुंगरू मागतो. भाव मनासारखा झाला असेल तर वरचं काय हे कोणी विचारत बसत नाही. समोरच्याचा अंगठा आपणही दाबला, म्हणजे दिलं. रुमाल निघाला की सौदा पक्का.

अण्णांनी आमच्या हातांवर रुमाल टाकला. मी डोळे मिटले. माझी ती सवयच आहे, डोळे मिटले की बोटं जास्त ऐकतात. मी कमी आकडा दाबला, वाढवायला जागा ठेवून. समोरून बोटं आली आणि त्यांनी माझ्याहून कमी आकडा सांगितला.

माझा विश्वास बसेना. विकणारा कधी खाली येतो का? मी पुन्हा दाबलं. समोरचा हात आणखी खाली आला. हात गार होता, विहिरीत बराच वेळ धरून काढल्यासारखा. आणि बारीक होता. करंगळी आत वळलेली, ताठ न होणारी. मनगटाजवळ माझ्या नखाला काचेसारखं काहीतरी लागलं. हे सगळं मला त्याच वेळी जाणवलं होतं, नाही असं नाही. पण सौदा रंगात आला की मला आकड्यापलीकडे काही दिसत नाही, आणि तो आकडा तर असा होता की मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. किती ते लिहीत नाही. रुमालाखालचा आकडा बाहेर सांगायचा नसतो.

मग त्या हातानं माझा अंगठा धरला आणि एकदाच दाबला. वरचं मागितलं. मी लगेच उलट दाबला.

"ठरलं!" मी म्हणालो आणि रुमाल ओढला.

"काय ठरलं?" बापू म्हणाले. "तुमी अजून माझा हात तरी कुठं धरलाय? मी वाट बघत बसलोय की कवापास्नं. मला वाटलं पावण्यास्नी डुलकी लागली."

माझं डोकं फिरलं. "बापू, नाटकं करायची तर तमाशात जा! सौदा झाला."

"नाटकं तुमी करालाय! अण्णा, देवाशप्पथ, माझ्या हाताला हात लागला न्हाय!"

अण्णा शांतपणे सुपारी कातरत होते. "बापू, रुमाल निघाला. आता मागं फिरायचं न्हाय. पोरं हसतील बाजारात."

"अण्णा, पर हात..."

"हात लागला नाही?" मी ओरडलो. "मग ती वाकडी करंगळी माझ्या बापाची होती का? तो गार हात, ती काचेची..."

माझेच शब्द माझ्या कानांवर आले. मी बापूंच्या पंजाकडं बघितलं. करंगळी सरळ होती आणि माझ्या अंगठ्याएवढी जाड. मनगटावर काहीही नव्हतं.

बापूंचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मी विसरलेलो नाही. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, "आकडा किती झाला?"

मी कानात सांगितला. त्या किमतीत उचगावात कोणी कौलंही विकली नसती.

"मंजूर," ते म्हणाले. थोडं थांबून, "आन् वर काय मागिटलं?"

"विचारलं नाही. दिलं म्हणालो."

बापूंनी डोळे मिटून घेतले. "मंजूर," ते पुन्हा म्हणाले.

आता वाचकांनीच सांगावं. ज्याचा हात धरलाच नव्हता, तो नुकसानीचा सौदा मंजूर का करतो? आणि वर काय मागितलं, हे का विचारतो? त्याच संध्याकाळी बापूंनी वळकटी बांधली आणि कोल्हापूरला अण्णांच्या घरी झोपायला गेले. स्वतःच्या घरात एक रात्रही जास्त काढली नाही. मी मात्र जग जिंकल्यासारखा मुंबईला परतलो आणि सगळ्या चाळीला पेढे वाटले.

आम्ही उचगावला राहायला आलो. पहिले काही दिवस शारदेनं कुरकुर केली. चूल धुरकटते, विहीर खोल आहे, शेजारीण विचारल्याशिवाय घरात येते. मग कुरकुर थांबली. मला बरं वाटलं. बायकोची कुरकुर थांबली म्हणून कोण काळजी करतो? काड्यापेटी ठेवायला स्वयंपाकघरात एक कोनाडा होता, फळीच्या मागे, न दिसणारा. मला तो कधीच सापडला नव्हता. शारदेचा हात तिकडे न बघता जायचा. मुंबईचं नाव ती काढेना. माहेरची चौकशी करेना. मंजू एकदा म्हणाली, "बाबा, आई मला हाक मारताना आधी थांबते." मी म्हणालो, दमत असेल.

शेजारच्या आक्काताईंना एका दुपारी मी गुळाची ढेप दिली. त्या आमच्या सोप्यावर टेकल्या. शारदेनं त्यांना झुणका-भाकरी वाढली आणि ती विहिरीवर गेली. आक्काताईंनी भाकरी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि ताटात ठेवली.

"भाऊ, ही कुणी थापली?"

"शारदेनं. का? कच्ची आहे?"

"खोटं बोलू नगा. ह्यो चिमटा हौसाचा हाय."

भाकरीच्या काठाला एका ठिकाणी दोन बोटांनी चिमटा काढलेला होता. मी रोज खात होतो, माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि तेव्हाच मला दुसरी गोष्ट आठवली. शारदेला भाकरी येतच नव्हती. लालबागला एकदा केली तेव्हा तव्यावर तिचे चार तुकडे झाले होते आणि आम्ही हसून हसून पोळ्या खाल्ल्या होत्या.

"कोण हौसा?" मी विचारलं.

"बापूची बायकू. जाऊन दोन-तीन वर्सं झाली. अशी भाकर सबंध गावात दुसरी कुणी करीत नव्हती. लहानपणी करंगळी उसाच्या चरकात गावली हुती तिची, वाकडीच ऱ्हायली. पर हाताला चव हुती." आक्काताईंनी ताट बाजूला सारलं. "बापूनं मुंबईचं नाव काढलं की भांडी आपटायची. घर सोडणार न्हाय, आन् एकटी ऱ्हाणार न्हाय, म्हणायची. बापूनं काय सांगिटलं न्हाय तुमास्नी? तुमच्या आधी लोक आल्ते की घर घ्यायला. रुमालाखाली हात घातला की उठून पळायचे. तुमीच एकटं बसून ऱ्हायलासा."

मी तसाच विहिरीवर गेलो आणि शारदेला विचारलं, भाकरीला चिमटा कशाला काढतेस?

"अहो, कोणती बाजू आधी भाजली ते कळतं," ती म्हणाली. अगदी सरळ उत्तर.

"तुला शिकवलं कोणी?"

तिनं कळशी खाली ठेवली आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. "मला येतंच की," ती म्हणाली. तिच्या तोंडात तो कोल्हापुरी 'की' मी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हा मी ठरवलं, सौदा गेला खड्ड्यात. तिच्या भावाचं लग्न गिरगावात होतं, निमित्त चांगलं होतं. ट्रंक भरली, सकाळी टांगा बोलावला. तीन वेळा ती अंगणातून परत आत गेली. चूल विझवायची राहिली, दूध झाकायचं राहिलं, कडी नीट लागली नाही. चौथ्या वेळी मी तिला दंडाला धरून टांग्यात बसवलं. गावाबाहेरचा ओढा ओलांडला आणि तिचं बोलणं थांबलं. स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत अंग गार पडलं. मंजू तिला हलवत होती, आणि तिचा हात मंजूच्या खांद्यावरून नुसता घसरत होता. डोळे उघडे होते. श्वास इतका बारीक की टांगेवाल्यानं आपणहून घोडा वळवला. "मालक, ह्यास्नी घरला न्या आधी," तो म्हणाला.

दारात आल्यावर ती एकटी उतरली. पाय धुतले. आत गेली. मी सोप्यावर बसलो. थोड्या वेळानं ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डोक्यावरून पदर घेतलेला. शारदेनं आयुष्यात कधी डोक्यावर पदर घेतला नव्हता. तांब्या माझ्यापुढे ठेवून ती दाराआड उभी राहिली.

"पावणं, लांबनं आलासा? पाणी घ्या. मालक घरात न्हाईत, मुंबईला गेल्यात. येतील की आज ना उद्या."

मंजू आधी हसली. तिला वाटलं, आई बाबांची नक्कल करते आहे. मग ती माझ्या पाठीमागे येऊन बसली आणि तिनं माझा सदरा घट्ट धरला.

कोल्हापूरचे मोठे डॉक्टर आणले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, प्रश्न विचारले, सगळ्यांची उत्तरं तिनं नीट दिली. प्रकृती उत्तम आहे म्हणाले. एक देवऋषी आला, त्यानं आधी आपला दर सांगितला. त्याला मी रस्त्यापर्यंत हाकलत नेलं.

मग मी मुंबई गाठली. लालबागला माझ्याच रूममध्ये बापू एकटेच बसले होते, मुलगा पाळीवर गेलेला. मला बघून ते उठले नाहीत.

"बापू, रुमालाखाली कोण होतं?"

"मला काय ठावं? माझा हात तर रिकामा हुता."

"मग मंजूर कशाला म्हणालात?"

त्यांनी खालची सतरंजी उगाच सरळ केली.

"सौदा तुमच्याशी झाला नाही, तर तुम्ही माझ्या रूममध्ये कोणत्या हक्कानं बसलाय?"

"खोली घ्या परत," ते चटकन म्हणाले. "आत्ता घ्या, एक छदाम देऊ नगा. मी पोराबरोबर रस्त्यावर ऱ्हातो. पर उचगावला मी पाय ठेवणार न्हाय."

जन्मात पहिल्यांदा मला कोणी काही फुकट देत होतं आणि ते माझ्या उपयोगाचं नव्हतं.

"ती तुमची वाट बघते आहे, बापू. माझ्या बायकोच्या तोंडानं विचारते, मालक कधी येणार."

"म्हणून तर येत न्हाय," बापू म्हणाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी त्यांची गचांडी धरली. पार्टिशनपलीकडचे लोक धावून आले, नाहीतर त्या दिवशी माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मंजू कोल्हापुरात शिवाजी पेठेत माझ्या बहिणीकडे राहते आणि तिथल्याच शाळेत जाते. मी पेठेतच एक खोली घेऊन धंदा करतो. दर आठवड्याला आम्ही दोघं उचगावला जातो. ती बाई आम्हाला चहा देते, विचारपूस करते, भाकरी बांधून देते. दिवेलागण झाली की उठावं लागतं, कारण मालक नसताना परक्या पुरुषाला ती घरात ठेवत नाही. स्वतःच्या पैशानं घेतलेल्या घरातून मी असा बाहेर पडतो. मागे एकदा मंजूच्या झग्याचं बटण तुटलेलं होतं. चहा देता देता ती एकदम म्हणाली, "अगं, बटण कुठे पाडलंस? किती वेंधळी आहेस!" तोच गिरगावातला आवाज, तीच कपाळावरची आठी. मी "शारदा!" म्हणून उठलो. तोवर तिनं पदर पुढे ओढला होता.

म्हणजे ती आहे. कुठेतरी आहे.

लोक मला म्हणतात, विष्णू, अंगठा तूच दाबलास, दिलंस तूच. मी हे मानत नाही. वरचं असंच देतात, सगळा बाजार देतो. आणि जी तिथे नव्हतीच, तिला मी कसं देऊन टाकणार? अण्णांना विचारलं तर ते म्हणतात, मी रुमाल बघतो, रुमालाखालचं नाही. हे कसं झालं, का झालं, मला आजही सांगता येत नाही, आणि जे सांगतो म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

पण बापू, तुम्हाला ठाऊक होतं. करंगळीचं ऐकल्यावर तुम्ही दाराकडे बघितलंत, तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. तुम्ही गप्प बसून सुटलात आणि माझी मुलगी आई असताना आत्याकडे वाढते आहे. ते घर अजून तिथेच आहे, दिवसा दार उघडं असतं. या, त्या बाईसमोर उभे राहा आणि सांगा की मालक आले. ती तुमची असेल तर घेऊन जा. तुमच्यात तेवढी हिंमत नसेल तर याच मासिकात, चारचौघांसमोर, स्वतःच्या नावानं लिहा. माझी शारदा कुठे आहे?